चुलीच्या धुराने जडलेला सीओपीडी: निदान लवकर झाले आहे, आता काय करावे?

भोर तालुक्यातील एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ५१, उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ४४ किलो आहे. विडी-सिगारेट त्यांनी कधी ओढलेली नाही. मात्र लहान वयापासून त्या चुलीपुढे बसून स्वयंपाक करत आल्या आहेत. घरात गॅस आला तरी भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच होते. गेली काही वर्षे हिवाळ्यात खोकला लागला की तो आठवडेच्या आठवडे हटत नाही आणि चढावर दम लागतो. पुण्यात स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी झाली, ‘मध्यम स्वरूपाचा सीओपीडी’, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार, असे निदान झाले आणि टायोट्रोपियमच्या कॅप्सूलचा रोज एकदा घ्यायचा पंप लिहून दिला गेला. घरचे म्हणतात, आता शेतात जाऊ नकोस. शेजारणी म्हणतात, पंपाची सवय एकदा लागली की सुटत नाही. त्यांना स्वतःला मात्र हे जाणून घ्यायचे आहे की हा आजार किती वाढेल, आपल्या हाती किती वर्षे आहेत, आणि घरातल्या सहा वर्षांच्या नातीला तो लागेल का.

ताई, सर्वप्रथम तुमचा अहवाल आपण नीट वाचू, कारण तुमची बरीचशी भीती ‘मध्यम’ या एका शब्दातून आलेली दिसते. पूर्ण श्वास भरून जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती बाहेर पडली, हे या चाचणीत मोजतात. औषध देऊन पुन्हा केलेल्या चाचणीत तुमचे पहिल्या सेकंदाचे माप १.३२ लिटर आणि एकूण माप २.१० लिटर आले आहे, म्हणजे दोन्हींचे गुणोत्तर ०.६३ आहे. हे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी असले आणि औषधानंतरही तसेच राहिले, तर श्वासनलिकांमध्ये कायमचा अडथळा आहे असे आम्ही मानतो. तुमच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी स्त्रीचे पहिल्या सेकंदाचे अपेक्षित माप अहवालात १.९४ लिटर दिले आहे. त्याच्या तुलनेत तुमचे माप ६८ टक्के भरते. ५० ते ७९ टक्क्यांच्या या पायरीला ‘मध्यम’ म्हणतात, ८० किंवा त्याहून अधिक असेल तर ‘सौम्य’. तुम्ही या पायरीच्या वरच्या भागात आहात. या आजाराचे बहुतेक रुग्ण आमच्याकडे येतात तेव्हा जिन्याच्या चार पायऱ्या चढणेही त्यांना अवघड झालेले असते आणि निम्म्याहून अधिक क्षमता गेलेली असते. तुम्ही त्याच्या पुष्कळ आधी तपासणी करून घेतली, ही तुमच्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट आहे.

पंप देण्याआधीचे माप १.२४ लिटर आणि नंतरचे १.३२, म्हणजे फरक ८० मिलिलिटरचा आहे. दम्यामध्ये हा फरक सहसा मोठा असतो आणि मधल्या काळात माप पूर्ववत होऊ शकते. तुमच्या बाबतीत तसे दिसत नाही. म्हणून गावात सर्वजण याला ‘दमा’ म्हणत असले तरी तुमचा आजार वेगळा आहे, आणि एखाद्या दमेकरी नातेवाइकाला लागू पडलेले औषध तुम्ही स्वतःच्या मनाने घेऊ नये. पूर्वी कधी क्षयरोग झाला होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. झाला असेल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण बरा झालेला क्षयरोगही मागे श्वासनलिकांचे असे नुकसान ठेवून जातो.

‘मी कधी विडी ओढली नाही, मग मलाच हे का?’ हा तुमच्या पत्रातला प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागे दुःखाबरोबर थोडी लाजही आहे. हा आजार म्हणजे धूम्रपानाचा आजार, अशी समजूत पाश्चात्त्य देशांतील अनुभवातून तयार झाली आणि अनेक वर्षे ती डॉक्टरांच्या मनातही पक्की होती. २००९ मध्ये डॉ. संदीप साळवी आणि डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीचा आढावा घेतला, तेव्हा त्यांनी दाखवून दिले की जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी आहेत, तर लाकूड, गोवऱ्या आणि पिकांचे काडकसपट जाळून होणाऱ्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. भारतात २०१६ साली या आजाराचे साडेपाच कोटींच्या आसपास रुग्ण असावेत, असा अंदाज आहे. त्यांत तुमच्यासारख्या, आयुष्यभर घरासाठी रांधणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. तुमच्या वागण्यातल्या कोणत्याही दोषामुळे हे झालेले नाही, आणि हे घरात स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, किती वर्षे? एका चाचणीच्या आकड्यावरून कोणताही प्रामाणिक डॉक्टर वर्षे सांगू शकणार नाही. तरीही मोघम दिलासा देऊन तुमची बोळवण करणे मला योग्य वाटत नाही. या आजारात पुढचा अंदाज बांधण्यासाठी २००४ पासून एक मोजपट्टी वापरात आहे, जिला ‘बोड’ म्हणतात. तिच्यात चार गोष्टींना गुण दिले जातात: उंचीच्या प्रमाणात वजन, फुंकण्याच्या चाचणीतील अडथळा, दम लागण्याची पातळी आणि सहा मिनिटांत चालून होणारे अंतर. गुण जितके कमी तितके चांगले. अडथळ्याच्या रकान्यात ६५ टक्क्यांपासून पुढे शून्य गुण मिळतो. तुमचे माप ६८ आहे, म्हणजे तेथे तुमचा शून्य आहे. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या बायकांसोबत तुम्ही चालता आणि फक्त घाईत किंवा चढावर दम लागतो, म्हणजे दमाच्या रकान्यातही शून्य. सहा मिनिटांत ३५० मीटर किंवा त्याहून अधिक चालता आले तर तिसरा शून्य. तुमच्या वर्णनावरून ते जमावे, पण ही चाचणी एकदा करून घ्या. तुमचा एकमेव गुण वजनाच्या रकान्यात पडतो, कारण तुमच्या उंचीला ४७ किलोंपेक्षा थोडे अधिक वजन हवे आणि तुम्ही ४४ वर आहात. म्हणजे ज्या आकड्याने तुमची झोप उडवली, त्याने तुमच्या खात्यात एकही गुण टाकलेला नाही. जो गुण पडला आहे तो ताटातल्या अन्नाने पुसता येण्यासारखा आहे. तुमच्या पायरीवरच्या, धूर टाळणाऱ्या आणि हालचाल टिकवणाऱ्या रुग्णांपुढे सहसा बरीच वर्षे असतात, आणि ती कामाधामाची वर्षे असू शकतात.

तरीही एक गोष्ट स्वीकारावी लागेल: गेलेली क्षमता परत येत नाही आणि हा आजार पूर्ण बरा करणारे औषध आज कोणाकडेही नाही. तिशीनंतर निरोगी माणसाचेही पहिल्या सेकंदाचे माप दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटते. अमेरिका आणि कॅनडात सौम्य आणि मध्यम आजाराच्या रुग्णांना ११ वर्षे तपासत राहिल्यावर असे दिसले की ज्या पुरुषांनी सुरुवातीलाच सिगारेट सोडली त्यांची घट वर्षाला सुमारे ३० मिलिलिटरवर आली, म्हणजे जवळजवळ निरोगी माणसाइतकी. जे ओढत राहिले त्यांची घट ६६ मिलिलिटर होती. मेक्सिकोमध्ये चुलीच्या धुराने आजारी पडलेल्या स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांची झीज धूम्रपान करणाऱ्यांच्या तुलनेत सावकाश होते असे आढळले. चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातल्या काही खेड्यांत स्वयंपाकाचे इंधन आणि स्वयंपाकघरातील हवा खेळण्याची सोय सुधारल्यानंतर नऊ वर्षे लोकांची तपासणी केली गेली. ज्या घरांनी दोन्ही बदल स्वीकारले तेथील लोकांच्या फुप्फुसांची घट मंदावलेली दिसली. तुमच्यासाठी हा पुरावा फार मोलाचा आहे. आजार कोणत्या वेगाने पुढे सरकेल, हे बऱ्याच अंशी यापुढच्या धुरावर ठरणार आहे.

म्हणून धुराबद्दल मी सविस्तर लिहितो, आणि कोणत्याही औषधाच्या आधी लिहितो. गॅस आल्यावर धूर संपला असे घरात सर्वांना वाटते, पण सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या घरांमध्ये गॅसवर चहा, दूध आणि भाजी होते; भाकऱ्या आणि अंघोळीचे पाणी मात्र चुलीवरच राहते, कारण सिलिंडर पुरवायचा असतो आणि लाकूड घरचे असते. पहाटेच्या थंड हवेत, दार बंद ठेवून, ओल्या फाट्यांवर पाणी तापवणे हे दिवसातले सर्वांत घातक काम आहे. पूर्ण घराने एकदम गॅसवर यावे असे सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो, पण महिन्याला एक जादा सिलिंडर म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे क्रम असा ठेवा: पहिल्यांदा पाणी तापवण्याची चूल किंवा बंब घराच्या भिंतीपासून दूर, उघड्या पडवीत किंवा परसात न्या आणि ते काम तुमच्याऐवजी दुसऱ्या मोठ्या माणसाने करावे. छपरावर ऊन येत असेल तर सौर बंब हा कायमचा उपाय आहे. गॅसचा गिझर घेणार असाल तर तो बंद न्हाणीघरात कधीही बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावतात. दुसऱ्या टप्प्यात भाकरी गॅसवर आणा. चुलीवरच्या भाकरीची चव निराळी असते हे मान्य आहे, परंतु एकेक भाकरी भाजून होईपर्यंत तोंड धुरापासून हातभर अंतरावर राहते, आणि ही मात्रा रोज, वर्षानुवर्षे पडत आली आहे. धुराड्याची सुधारित चूल साध्या चुलीपेक्षा बरी, पण धुराडे काजळीने भरले किंवा वरून झाकले गेले की तिचा उपयोग संपतो. पदर नाकाला लावल्याने बारीक धूर अडत नाही.

घरातले इतर धूरही मोजा. रात्री डासांसाठी लावलेली एक अगरबत्तीची गुंडाळी जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे मोजमाप २००३ साली प्रसिद्ध झाले आहे. ती आजपासून बंद करा आणि मच्छरदाणी वापरा. यजमान विडी ओढत असतील तर ती घरात आणि ओसरीवरही नको. त्यांना सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी मोफत आहे. तुम्ही स्वतः मिश्री लावत असाल तर ती धूर करत नसली तरी तंबाखूच आहे, आणि ती भाजताना होणारा धूर तर थेट फुप्फुसांत जातो. तुमच्या भागात उन्हाळ्यात भातासाठी राब भाजतात. त्या दिवसांत वाफ्यांवर तुम्ही उभे राहू नका आणि वारा घराकडे येत असेल तर दुपारभर दारे-खिडक्या लावून घ्या. मळणीची धूळ, मिरचीचे कांडप आणि दिवाळीतले फटाके यांनाही हाच नियम लावा. शेतातली बाकीची कामे, म्हणजे लावणी, खुरपणी, भाजी तोडणे, यांना माझी हरकत नाही. उलट आग्रह आहे, त्याचे कारण पुढे येईल.

आता पंपाकडे येऊ. ‘सवय लागते’ ही समजूत इतकी खोलवर रुजली आहे की अनेक रुग्ण पंप लपवून ठेवतात आणि गोळ्या मात्र निर्धास्तपणे घेतात. प्रत्यक्षात उलट काळजी करायला हवी. दम मोकळा करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते आणि ती पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या शरीरात जाते, म्हणून हात थरथरतात आणि छातीत धडधडते. त्याच औषधाच्या फवाऱ्याच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे गोळीच्या विसाव्या किंवा चाळिसाव्या भागाइतके, आणि ते जेथे हवे तेथेच पोहोचते. तुम्हाला दिलेले टायोट्रोपियम हे श्वासनलिकांभोवतीचे स्नायू दिवसभर सैल ठेवणारे औषध आहे. त्याचे व्यसन लागत नाही. ते रोज घ्यावे लागते ते आजार रोज असतो म्हणून, जसे रक्तदाबाचे औषध रोज घ्यावे लागते. सुरुवातीच्या अवस्थेत ते घ्यावे का, याबद्दल पूर्वी डॉक्टरांमध्येच दुमत होते, कारण अशा रुग्णांना त्रास कमी असतो. २०१७ मध्ये चीनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले: सौम्य आणि मध्यम आजाराच्या रुग्णांना दोन वर्षे टायोट्रोपियम दिल्यावर त्यांचे पहिल्या सेकंदाचे माप औषध नसलेल्या, नुसत्या पावडरीचा पंप घेणाऱ्यांपेक्षा चांगले राहिले आणि आजार उसळण्याचे प्रसंगही कमी झाले. त्यामुळे तुम्हाला आज फारसा त्रास नाही म्हणून पंप बाजूला ठेवू नका. तोंड कोरडे पडणे हा त्याचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. काचबिंदू असेल किंवा लघवी अडत असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

पंप न लागू पडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे तो चुकीच्या पद्धतीने घेणे. तुमचा पंप पावडरीचा आहे. कॅप्सूल उपकरणात भरून ती फुटल्याची खात्री करा, तोंड बाजूला करून श्वास पूर्ण बाहेर सोडा, उपकरणात कधीही फुंकू नका, कारण ओलाव्याने पावडर चिकटते. मग ओठ घट्ट मिटून जोराने आणि खोल श्वास आत ओढा आणि दहा सेकंद धरून ठेवा. कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर पुन्हा एकदा ओढा. फवाऱ्याच्या पंपाचे तंत्र नेमके याच्या उलटे असते: तेथे श्वास सावकाश घ्यायचा असतो आणि पंप आणि तोंड यांच्या मध्ये स्पेसर, म्हणजे एक पोकळ नळकांडे, लावणे उत्तम. अचानक दम लागला तर वापरायला साल्ब्युटामॉलचा असा फवारा डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे दोन पंपांच्या दोन रीती तुम्हाला लक्षात ठेवाव्या लागतील. प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवा. त्यांनी विचारले नाही तरी दाखवा. कोणी स्टिरॉइडचा पंप जोडून दिला तर तो कशासाठी, हे विचारायला संकोच करू नका. दम्यात तो पाया असतो. सीओपीडीत मात्र तो सर्वांना लागत नाही, मुख्यतः वारंवार आजार उसळणाऱ्या आणि रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या रुग्णांना त्याचा लाभ होतो.

खात्रीचा इलाज म्हणून बिननावाच्या पुड्या विकल्या जातात, त्यांच्यापासून मात्र कटाक्षाने दूर राहा. एका दिवसात दम मोकळा करणाऱ्या पुडीत बहुधा स्टिरॉइड मिसळलेले असते. ते महिनोन्‌महिने पोटात गेले की साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि स्नायू गळतात.

तुमच्या घरच्यांचा ‘आता बसून राहा’ हा सल्ला मायेपोटी आला आहे, पण या आजारात मला सर्वांत जास्त भीती त्याच सल्ल्याची वाटते. दम लागतो म्हणून माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंना त्याच कामासाठी अधिक प्राणवायू लागतो. म्हणून पूर्वीपेक्षा कमी चालण्यातही दम लागतो, आणि माणूस आणखी बसतो. फुप्फुसांचे माप तेच असताना वर्षभरात एखादी व्यक्ती शेतावरून ओसरीवर आणि ओसरीवरून खाटेवर येते, ती या फेऱ्यामुळे. त्याचा उलटा फेराही तितकाच खरा आहे. दम लागणे आणि फुप्फुसाला इजा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालताना दम लागल्याने फुप्फुस झिजत नाही. आठवड्यातले बहुतेक दिवस २० ते ३० मिनिटे अशा वेगाने चाला की दम लागेल, पण तुटक का होईना, वाक्य बोलता येईल. गाता येत असेल तर वेग वाढवा, शब्दही फुटत नसेल तर थांबा आणि पुन्हा सुरू करा. जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम करा. मोठ्या रुग्णालयांत यासाठी सहा ते आठ आठवड्यांचे श्वसन पुनर्वसनाचे वर्ग असतात; पुण्याला येणे शक्य असेल तर एकदा तरी तो वर्ग पूर्ण करा, कारण औषधांइतकाच, आणि माझ्या मते कित्येकदा त्याहून अधिक, फरक त्याने पडतो.

चढावर दम कोंडतो, त्याचे कारण समजले तर घाबरगुंडी कमी होते. तुमच्या अरुंद श्वासनलिकांतून हवा आत जाते पण बाहेर यायला वेळ लागतो. तुम्ही घाईघाईने श्वास घेऊ लागलात की जुनी हवा पूर्ण निघण्याआधीच नवी भरली जाते, छाती फुगलेलीच राहते आणि आत जागाच उरत नाही. म्हणून अशा वेळी श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्या आणि बशीतला गरम चहा फुंकतो तसे ओठ करून चार अंक मोजेपर्यंत हळूहळू सोडा. चढ चढताना, डोक्यावर हंडा घेताना, वाकून उठताना जोर लावण्याच्या क्षणी श्वास सोडा. दोरीवर कपडे वाळत घालताना तुम्हाला अधिक दम लागतो असे तुम्ही लिहिले आहे, तेही याच्याशी जुळते: खांद्यांचे काही स्नायू श्वासालाही मदत करत असतात आणि हात वर गेले की ती मदत थांबते. दोरी छातीच्या उंचीवर बांधा, एवढाच त्यावर उपाय आहे.

जेवणाबाबत घरात पथ्यांची यादी सुरू झाली असणार: दही बंद, केळे बंद, ताक बंद, भात कमी. खोकल्याच्या भीतीने ही पथ्ये पाळणारा रुग्ण हळूहळू वाळतो, आणि तुमचा एकमेव गुण तर वजनाचाच आहे. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तुम्हालाच दर वेळी त्रास होत असेल तर तो टाळा, अन्यथा काहीही सोडू नका. डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, आणि खात असाल तर अंडी व मासे वाढवा. एकदम पोटभर जेवल्यास फुगलेली छाती आणि भरलेले पोट यांच्यामध्ये श्वासपटलाची कोंडी होते, म्हणून थोडेथोडे चार-पाच वेळा खा. कडक उपवास वजन वाढेपर्यंत नकोत. रक्तातील हिमोग्लोबिनही तपासा. आपल्याकडच्या स्त्रियांत ते अनेकदा कमी असते आणि सगळा दोष फुप्फुसांवर जातो.

लसींविषयी थोडक्यात: फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी, आणि न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूविरुद्धची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. प्राणवायूच्या नळकांड्याचा विचार तुम्ही तूर्त मनातून काढून टाका. तो घरी तेव्हाच लागतो, जेव्हा विश्रांतीतही रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८८ टक्के किंवा त्याखाली राहते. तुमचे ९६ आहे. बोटाला लावायचे यंत्र दिवसातून दहा वेळा लावल्याने चिंतेखेरीज काही वाढत नाही.

लक्ष ठेवायचे ते आजार उसळण्यावर, कारण असा प्रत्येक प्रसंग फुप्फुसांची थोडी क्षमता घेऊन जाऊ शकतो. खोकला किंवा दम नेहमीपेक्षा दोन-तीन दिवस सलग वाढला, कफ जास्त पडू लागला किंवा त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, तर आठवडाभर काढे घेत थांबू नका. लगेच डॉक्टरांकडे जा. त्या अवस्थेत पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या आणि गरज असेल तर प्रतिजैविक दिले की बहुतेकदा घरीच आराम पडतो. तो कोर्स प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्या. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणू नका. एक वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ निळसर होणे, गुंगी किंवा बरळणे, ही लक्षणे दिसली तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. कफातून रक्त पडले किंवा वजन कारणाशिवाय घटू लागले तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे पुन्हा व्हायला हवा.

मनाच्या बाबतीत एक सांगतो. निदान झाल्यापासून तुम्ही रात्री जाग्या राहता आणि छातीत धडधडते, असे तुम्ही पत्राच्या शेवटी, जणू महत्त्वाचे नसल्यासारखे लिहिले आहे. या आजारात चिंता आणि उदासी फार मोठ्या प्रमाणावर आढळते आणि ती दमात भर घालते, कारण घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो आणि हवा आत अडकत जाते. हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. काही आठवडे होऊनही झोप परतली नाही, अन्नावरची वासना गेली, कशातच मन लागेना, तर त्यावर वेगळे उपचार आहेत आणि ते घेण्यात कमीपणा नाही. यजमान आणि मुलगा यांना एकदा तुमच्यासोबत तपासणीला आणा. धूर कमी करणे, सिलिंडर जादा आणणे, पहाटेची चूल दुसऱ्याने पेटवणे हे निर्णय एकट्या तुमच्या हातातले नाहीत, आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट घरात अनेकदा लवकर मान्य होते. पंप चालू असताना स्पायरोमेट्री दरवर्षी एकदा पुन्हा करा; एका आकड्यापेक्षा दोन-तीन वर्षांचे आकडे ओळीने पाहिल्यावरच तुमच्या आजाराचा वेग आम्हाला सांगता येईल.

राहिला नातीचा प्रश्न. हा आजार संसर्गाचा नाही. तिला जवळ घेण्याने, तिच्याबरोबर जेवण्याने किंवा झोपण्याने तिला काहीही होणार नाही, आणि तिच्यापासून दूर राहण्याचे तुम्ही सुरू केले असेल तर ते आजच थांबवा. मात्र मुलांची फुप्फुसे विशीपर्यंत वाढत असतात आणि त्या काळात धुरात राहिलेल्या मुलांची फुप्फुसे पूर्ण क्षमतेपर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे पुढच्या आयुष्यातली घट त्यांच्यासाठी कमी शिलकीवर सुरू होते. पहाटे बंब पेटतो तेव्हा ती कोठे झोपलेली असते, हे पाहा आणि तिची जागा बदला. तुमच्या सुनेलाही हिवाळ्यात खोकला असतो असा ओझरता उल्लेख तुमच्या पत्रात आहे. पुढच्या खेपेला तुमच्याबरोबर तिचीही स्पायरोमेट्री करून घ्या.